वाचलंत ना? मग चार ओळी सांगा!



पुस्तक वाचून झालं की आपल्यापैकी बहुतेक जण ते कपाटात ठेवतात आणि पुढच्या पुस्तकाकडे वळतात. फार तर मुखपृष्ठाचा फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकतात, खाली 'अप्रतिम! नक्की वाचा' असं लिहितात. दहा-बारा अंगठे येतात, एखादा 'वाचायला हवं' म्हणतो, आणि विषय तिथेच संपतो. माझी कळकळीची विनंती आहे की तो तिथे संपवू नका. त्या पुस्तकाबद्दल आणखी चार ओळी लिहा. ज्याने ते वाचलेलं नाही त्याला 'हे आपल्यासाठी आहे की नाही' हे ठरवता येईल, अशा चार ओळी.

ही विनंती करण्यामागे कारण आहे. मराठी पुस्तकाची जाहिरात जवळपास होतच नाही. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमध्ये परीक्षणाला मिळणारी जागा थोडी, आणि तिथे पोचणारी पुस्तकं त्याहून थोडी. पुण्या-मुंबईबाहेर पुस्तकांचं चांगलं दुकान शोधावं लागतं. तालुक्याच्या गावी वह्या, गाइडं आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं मिळतात, नवी कादंबरी मिळत नाही. दुकानात उभं राहून चाळायची सोय नसलेला वाचक पुस्तक घरबसल्या मागवतो, म्हणजे न पाहता पैसे मोजतो. तीनशे-चारशे रुपये ही घरखर्चात जाणवणारी रक्कम आहे. ती खर्च करायची की नाही हे ठरवताना त्याला आधार असतो तो आधी वाचलेल्या माणसाच्या शब्दाचा.

वाचकाच्या शब्दाला मराठीत किंमत होती आणि आहे. १९६४ साली सुरू झालेलं 'ललित' मासिक पुस्तकांविषयीच्या मजकुरावरच उभं राहिलं, आणि त्याने चोखंदळ वाचकांची निवड छापून सामान्य वाचकाच्या पसंतीलाही मान दिला. सत्तरच्या दशकात 'ग्रंथाली' उभी राहिली ती वाचक चळवळ म्हणून. दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (१९८०) ही पुस्तकं तिनेच काढली. ज्या जगण्याबद्दल मराठी मध्यमवर्गाने तोवर फारसं वाचलेलं नव्हतं, ते त्या पुस्तकांतून घरोघरी गेलं. आज तसं काम करायला संस्था काढावी लागत नाही. प्रत्येकाच्या हातात फोन आहे आणि प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या गटात आहे. साधन आहे, ते नीट वापरायचं एवढंच उरतं.

'छान आहे' एवढ्याने भागत नाही

लग्नासाठी स्थळ सुचवताना आपण 'मुलगा छान आहे' एवढं सांगून थांबतो का? गाव कुठलं, काय करतो, घरात कोण कोण, स्वभाव कसा, हे सगळं सांगतो, आणि कुठे खटकलं असेल तर तेही आडून का होईना सांगतो. पुस्तक सुचवतानाही तेवढी जबाबदारी घ्यावी. 'अप्रतिम', 'निःशब्द', 'भन्नाट', 'अंगावर काटा आला' या शब्दांतून तुमच्या मनाची अवस्था कळते, पुस्तक कळत नाही. शिवाय हेच शब्द आपण दर आठवड्याला वेगवेगळ्या पुस्तकांना लावतो, त्यामुळे त्यांतला कुठला शब्द किती वजनाचा हे वाचणाऱ्याला समजेनासं होतं.

नीट सांगणं म्हणजे काय, ते एका उदाहरणाने दाखवतो. समजा, तुम्ही 'बनगरवाडी' वाचली. 'माडगूळकरांची अजरामर कलाकृती, प्रत्येकाने वाचायलाच हवी' असं लिहिलंत, तर वाचणारा मान डोलावून पुढे जाईल. त्याऐवजी असं लिहून पाहा :

'बनगरवाडी, व्यंकटेश माडगूळकर. कादंबरी, पहिली आवृत्ती १९५५ची. पुस्तक लहान आहे, दोन-तीन बैठकांत होतं. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर शाळा चालवायला जातो आणि हळूहळू वाडीचाच होतो. मोठी वळणं नाहीत. एकेक माणूस भेटत जातो आणि त्याच्याबरोबर वाडी उलगडते. शेकूची बायको बैलाच्या जागी स्वतः औताला खांदा देते, तो प्रसंग माझ्या मनातून जात नाही. संवाद तिकडच्या बोलीत आहेत, पहिली दहा-पंधरा पानं सावकाश वाचावी लागली, मग कान सरावला. भराभर घडामोडी हव्या असतील तर हे संथ वाटेल. खेड्यात नोकरी केलेल्यांना, विशेषतः शिक्षकांना, मी हे आधी देईन. आमच्या वाचनालयात आहे.'

हे लिहायला पाच-सात मिनिटं लागतात. पण यात वाचणाऱ्याला हवं ते सगळं आलं. पुस्तक केवढं आहे, कशाबद्दल आहे, भाषा कशी आहे, कुठे अडायला होतं, कोणाला आवडेल, कोणाला आवडणार नाही आणि कुठे मिळेल. एक प्रसंग जवळून दाखवला, त्यामुळे लिहिणाऱ्याने पुस्तक खरंच वाचलंय याची खात्री पटली. शेवट सांगितला नाही. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवला नाही. मोठा शब्द एकही वापरला नाही, तरी पुस्तक आवडलंय हे कळलं. असं लिहायला साहित्याची पदवी लागत नाही. शेजारणीला मालिका कुठवर आली हे ज्याला सांगता येतं, त्या प्रत्येकाला हे जमतं.

टाइप करायला जमत नसेल तर बोला. हल्ली फोनवर मराठीत बोललेलं बऱ्यापैकी उमटतं, आणि नाही उमटलं तर आवाजाचा संदेश पाठवता येतो. ज्यांनी पन्नास-साठ वर्षं वाचलंय असे कितीतरी आजी-आजोबा केवळ टाइप करायच्या कंटाळ्यापायी गप्प आहेत. घरातल्या नातवंडांनी त्यांच्याशेजारी बसावं, त्यांना बोलतं करावं आणि ते सांगतील ते उतरवून घ्यावं. त्यांनी वाचलेल्या कित्येक पुस्तकांची नावंसुद्धा आपल्या कानावर आलेली नसतात.

नाव नीट लिहा

गोष्ट साधी आहे, पण इथे फार गोंधळ होतो. 'लक्ष्मण यांचं ते आत्मचरित्र वाचा' असं कोणी लिहिलं की वाचणारा 'उपरा' शोधेल की 'उचल्या'? पहिलं लक्ष्मण माने यांचं, दुसरं लक्ष्मण गायकवाड यांचं, १९८७चं. दोन्ही भटक्या-विमुक्तांच्या जगण्याबद्दल, दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार, आणि दोन्ही स्वतंत्रपणे वाचण्यासारखी. पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखकाचं पूर्ण नाव आणि प्रकाशक, एवढं तरी लिहाच. पानं आणि किंमत लिहिलीत तर मागवणाऱ्याची मोठी सोय होते.

अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचं नाव गाळू नका. 'पाडस' आपल्याला मराठीत इतकं आपलं वाटतं ते राम पटवर्धनांमुळे. 'चौघीजणी' मराठीत आणली शान्ता शेळके यांनी. भैरप्पांचं 'पर्व' कन्नड न येणाऱ्या हजारो मराठी घरांत पोचलं ते उमा कुलकर्णी यांच्या मेहनतीने. एकाच पुस्तकाचे दोन-तीन अनुवाद असतात आणि त्यांच्या दर्जात जमीन-अस्मानाचा फरक असतो. तुम्ही कुठला वाचलात हे न सांगितल्याने दुसऱ्याच्या हाती वाईट अनुवाद पडला, तर तो मूळ पुस्तकालाच नावं ठेवील. आवृत्तीचंही तसंच. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची संक्षिप्त आवृत्तीही आहे आणि पूर्णही. आपण कुठली वाचली ते सांगावं.

आणि ही माहिती फोटोवर न सोडता अक्षरांत लिहा. सहा महिन्यांनी कोणी गटावर पुस्तकाचं नाव घालून शोधलं तर तुमचा अभिप्राय सापडला पाहिजे. फोटोवरची अक्षरं तशी सापडतीलच असं नाही. तुमच्यापाशीही एक वही असू द्या. पुस्तक संपलं की त्याच दिवशी तारीख घालून तिच्यात चार ओळी उतरवा आणि मग गटावर टाका. गटावरचा मजकूर फोन बदलला की जाऊ शकतो, वही राहते.

तीच ती दहा नावं

कोणी 'काय वाचू?' विचारलं की उत्तरं साचेबंद येतात. 'मृत्युंजय', 'ययाति', 'श्रीमान योगी', 'छावा', 'पार्टनर', 'व्यक्ती आणि वल्ली'. ही पुस्तकं लाखोंनी वाचली आणि त्यांवर प्रेम केलं, त्याबद्दल वाद नाही. पण विचारणाऱ्याने ती नावं शंभरदा ऐकलेली असतात. त्याला तुमच्याकडून जे कळायला हवं ते दुकानाच्या दर्शनी भागात नसलेलं पुस्तक. म्हणून एक नियम करू या. दरवेळी सुचवताना निदान एक नाव असं द्यायचं, जे त्या चर्चेत अजून कोणीच दिलेलं नाही, आणि ते कोणासाठी आहे हे सोबत सांगायचं.

ऐतिहासिक कादंबऱ्या भरपूर वाचून झालेला वाचक असेल, तर त्याला नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' सुचवा. अठराव्या शतकातला एक हेर आपली हकीकत सांगतो, इतिहास दरबारातून न दिसता वाटेवरून दिसतो, आणि भाषेला बखरीचा बाज आहे. शेतीवर बोलणाऱ्या पण शेतात न गेलेल्या शहरी माणसाला सदानंद देशमुखांची 'बारोमास' द्या. शिकलेला, नोकरी न मिळालेला मुलगा आणि त्याच्या घरात रोज होणारी ओढाताण यांतून शेतकऱ्याचं कर्ज आकड्यांपलीकडे समजतं. नोकरी करून घर चालवणाऱ्या बाईला शांता गोखले यांची 'रीटा वेलिणकर' जवळची वाटण्याची शक्यता आहे. आत्मचरित्रं आवडणाऱ्याला बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' द्या. महारवाड्यातल्या बायकांचं रोजचं राबणं, त्यांचे सण, त्यांची उपासमार आणि आंबेडकरांच्या हाकेने त्यांच्यात झालेला बदल हे सगळं तिथल्याच बाईने सांगितलंय. आणि ज्याला दिवसाकाठी पंधरा मिनिटंसुद्धा मिळत नाहीत, त्याला दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' सांगा. चैत्रापासून महिन्यामहिन्याचे लेख आहेत. चालू महिन्याचा लेख वाचावा आणि खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघावं.

ही माझी नावं झाली. तुमची वेगळी असतील, आणि वेगळीच असावीत. नागपूरच्या वाचकाने विदर्भातलं पुस्तक सुचवावं, जळगावच्या वाचकाने खानदेशातलं, सावंतवाडीच्या वाचकाने कोकणातलं आणि मडगावच्या वाचकाने गोव्यातल्या मराठी लेखकाचं. आपापल्या भागातल्या लेखकाला आपण पुढे आणलं नाही, तर दुसऱ्या टोकाच्या वाचकापर्यंत तो पोचायला वाटच नाही.

आवडलं नाही, तेही सांगा

सगळीच पुस्तकं आवडतात असं म्हणणाऱ्याच्या शिफारशीवर कोण भरवसा ठेवणार? तुम्ही एखादं पुस्तक मनापासून नाकारलंत की मगच तुमच्या 'आवडलं'ला अर्थ येतो. मात्र नाकारताना कारण द्या आणि ते पुस्तकातलं द्या. 'बकवास', 'पैसे वाया', 'लेखकाला काही कळत नाही' असं लिहून तुमचा राग निघतो, वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. 'पहिली शंभर पानं पकड घेतात, पुढे तेच प्रसंग फिरून येतात', 'संशोधन चांगलं आहे पण वाक्यं इतकी लांब की दमायला होतं', 'मुद्रणदोष फार आहेत' अशा वाक्यांचा उपयोग होतो. लेखकालाही होतो आणि प्रकाशकालाही. लेखकाची जात, पक्ष, गाव, खासगी आयुष्य यांवर घसरू नका. त्या दिशेने चर्चा गेली की पुस्तक बाजूलाच राहतं आणि शहाणी माणसं गटातून निघून जातात.

पुस्तक अर्धवट सोडलं असेल तर तसं स्पष्ट लिहा. 'सत्तर पानांवर थांबलो' हा प्रामाणिक अभिप्राय आहे. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली आली. तिच्यावर जीव टाकणारे आहेत आणि काही पानांत ती खाली ठेवणारेही आहेत. दोघांनी आपापलं कारण लिहिलं तर तिसऱ्याला आपण कुठल्या बाजूला असू याचा अंदाज येतो. तुम्हाला न आवडलेलं कारणच दुसऱ्याला पुस्तकाकडे ओढून नेऊ शकतं. 'कथानक नाही, नुसतं बोलणं आहे' हे वाचून एखादा म्हणेल, मला नेमकं तेच हवंय.

आणखी एक पथ्य पाळा. लेखक तुमचा मित्र असेल, नातेवाईक असेल, किंवा प्रत तुम्हाला भेट आली असेल, तर अभिप्रायातच तसं सांगून टाका. कौतुक करायला काहीच हरकत नाही. फक्त ते कुठल्या जागेवरून करताय हे वाचणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. ओळखीच्या पुस्तकांची भलावण एकदा उघडी पडली की त्या माणसाच्या खऱ्या शिफारशींवरचाही विश्वास उडतो.

विचारणाऱ्यानेही नीट विचारावं

'चांगलं पुस्तक सुचवा' या प्रश्नाला चांगलं उत्तर मिळणं अवघड आहे. स्वतःबद्दल दोन-तीन गोष्टी सांगा. अलीकडे काय आवडलं, काय अर्ध्यावर सोडलं, किती वेळ मिळतो, डोळ्यांना बारीक अक्षर चालतं का, की ऐकायचं आहे. लहान मुलासाठी विचारत असाल तर वय सांगा, आणि मूल स्वतः वाचणार आहे की तुम्ही वाचून दाखवणार आहात तेही सांगा.

समजा, दुबईतली एखादी आई लिहिते, 'मुलगा आठ वर्षांचा आहे, मराठी बोलतो पण वाचताना अडखळतो, जोडाक्षरं जड जातात, चित्रं असली तर बसतो.' आता सुचवणाऱ्याला काम सोपं झालं. तो म्हणेल, 'ताई, माधुरी पुरंदरे यांच्या "राधाचं घर"पासून सुरुवात करा. वाक्यं छोटी आहेत, चित्रं त्यांचीच आहेत, आणि घरातलीच माणसं आहेत. पुस्तक वयाला लहान वाटेल, पण वाचायचा धीर येईल. सवय झाली की भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तुम्ही वाचून दाखवायला घ्या. तो स्वतः वाचायला वेळ लागेल, पण ऐकायला लगेच आवडेल.' विचारणं नेमकं होतं म्हणून सांगणं नेमकं झालं.

सुचवलेलं पुस्तक वाचून झालं की परत येऊन सांगा. हे आपण हमखास विसरतो. 'तुम्ही सांगितलेलं वाचलं, मुलाला आवडलं' किंवा 'माझ्या पचनी पडलं नाही' एवढं कळवलंत तरी सुचवणाऱ्याला पुढच्या वेळी अधिक चांगलं सुचवता येतं, आणि त्याने दिलेल्या वेळाचं चीज होतं.

चारचौघांत वागायची रीत

कोणी आपलं मत मांडलं की त्याचं शुद्धलेखन काढत बसू नका. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवायचीच असेल तर त्याला एकट्याला कळवा. पहिल्यांदा लिहायचं धाडस केलेल्या माणसाला चारचौघांत वेलांटीवरून टोकलं, तर तो पुन्हा लिहीत नाही, आणि आपण एका वाचकाचा आवाज कायमचा गमावतो. त्याने आपल्या बोलीत लिहिलं तर त्याला तसंच लिहू द्या. पुस्तकाबद्दल बोलायचा हक्क प्रमाणभाषा येणाऱ्यांपुरता नाही.

कोणाच्या आवडीला हिणवू नका. नारायण धारपांच्या भयकथा, बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणि सुहास शिरवळकरांच्या कादंबऱ्या वाचत वाचतच मराठीतल्या कित्येक जणांना वाचनाचं वेड लागलं. 'हे काय वाचता? जीएंना वाचा' असं कोणी तोडून टाकलं तर समोरचा जी. ए. कुलकर्णींकडे वळत नाही, गप्प होतो. त्याऐवजी म्हणा, 'धारप आवडतात ना? मग जीएंची एखादी कथा वाचून बघा, आवडेल कदाचित.' हात धरून एक पायरी पुढे नेलं तर माणूस येतो.

रहस्य फोडू नका. शेवटाबद्दल बोलल्याशिवाय राहवतच नसेल तर वर ठळक लिहा की 'पुढे शेवट सांगितला आहे', मध्ये चार-पाच ओळी मोकळ्या सोडा आणि मग लिहा.

पीडीएफ मागू नका, पाठवू नका

पुस्तकावर चांगली चर्चा रंगते आणि तेवढ्यात कोणी विचारतो, 'पीडीएफ आहे का?' कोणी ती टाकतोही. बऱ्याच जणांना यात काही गैर वाटत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायला कित्येकदा वर्षं जातात. एका गटात पाचशे-हजार माणसं असतात. एक फाइल फिरली की त्या पुस्तकाचे होऊ शकणारे बरेचसे ग्राहक एका दुपारी संपतात. लेखकाचं मानधन आधीच तुटपुंजं, तेही जातं. दुसरी आवृत्ती निघत नाही, आणि पुढचं पुस्तक काढायला प्रकाशक कचरतो. ज्या पुस्तकावर तुम्ही प्रेम केलंत त्याचंच नुकसान होतं.

कायदाही स्पष्ट आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. ज्यांच्या निधनाला त्याहून जास्त काळ लोटला, त्यांचं लेखन सर्वांना खुलं आहे. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून 'श्यामची आई' आज अनेक प्रकाशकांकडून स्वस्तात मिळते. हरि नारायण आपटे १९१९ साली गेले. अशा जुन्या लेखकांची पुस्तकं 'मराठी विकिस्रोत'वर चढवण्याचं काम स्वयंसेवक करतात. फुकट हवं असेल तर तिथे जा, आणि जमलं तर त्या कामाला हातही लावा. हक्क असलेल्या पुस्तकातल्या दोन-चार ओळी अभिप्राय देताना उद्धृत करायला कायद्याची मुभा आहे. अख्खं प्रकरण फोटो काढून टाकायला नाही.

विकत घेणं परवडत नाही, ही खरी अडचण आहे, आणि तिला खरा उपाय वाचनालय आहे. महाराष्ट्रात १९६७ सालापासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि गावोगावी अनुदानावर चालणारी वाचनालयं आहेत. वर्गणी कमी असते. फोनवर ज्या पुस्तकाची चर्चा झाली त्याचं नाव, लेखक आणि प्रकाशक कागदावर लिहून आपल्या ग्रंथपालांना द्या, 'हे मागवाल का?' म्हणून विचारा, आणि आणखी दोन-तीन सभासदांनाही विचारायला सांगा. वाचक मागतात असं दिसलं की खरेदीच्या यादीत ते नाव चढायची शक्यता वाढते, आणि एक प्रत पन्नास हातांत जाते. जिथे वाचनालय नाही तिथेही वाट निघते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमातून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत जातात, आणि परदेशातल्या मराठी मंडळींकडेही त्या गेल्या आहेत. तुमच्या सोसायटीत, कार्यालयात, महाराष्ट्र मंडळात दहा-पंधरा जणांनी आपापली पुस्तकं एकत्र आणली तरी अशी एक पेटी तयार होते. त्या पेटीतल्या प्रत्येक पुस्तकात, वाचलेल्याने लिहिलेल्या चार ओळींचा कागद ठेवा.

एवढं करा

या आठवड्यात तुमच्या कपाटातलं एक पुस्तक निवडा. गेल्या वर्षभरात ज्याचं नाव तुमच्या ओळखीत कोणी घेतलेलं नाही असं. त्याचं पूर्ण नाव, लेखक आणि प्रकाशक लिहा. ते कशाबद्दल आहे हे दोन वाक्यांत सांगा. मनात राहिलेला एक प्रसंग किंवा एक माणूस सांगा. कुठे अडलात ते सांगा. कोणाला आवडेल आणि कोणाला आवडणार नाही ते सांगा. कुठे मिळेल ते सांगा. मग ते गटावर टाका, आणि ज्याच्यासाठी ते पुस्तक योग्य वाटतं अशा एका माणसाला वेगळं पाठवा, त्याचं नाव घेऊन, 'तुझी आठवण झाली म्हणून' असं लिहून. सर्वांना उद्देशून टाकलेलं पुष्कळदा कोणीच मनावर घेत नाही. नाव घेऊन सांगितलेलं माणूस टाळत नाही.

महिन्याला एक पुस्तक असं सांगितलंत तर वर्षाला बारा होतात. शंभर जणांच्या गटात दहा जणांनी जरी हे मनावर घेतलं, तर वर्षभरात एकशेवीस पुस्तकांची खरी, वाचून लिहिलेली ओळख त्या गटापाशी असेल. तेवढी ओळख असेल तर नवं काय वाचावं हा प्रश्न कोणाला पडणार नाही, आणि चांगलं लिहूनही कोपऱ्यात राहिलेल्या एखाद्या लेखकाला त्याचे वाचक मिळतील. सुरुवात आजच करा. पुस्तक तुम्ही वाचलेलं आहेच, आता फक्त चार ओळी लिहायच्या आहेत.